अनुकंपाची यादी : १९५८ पासून आजपर्यंत

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरातलं कुणी सरकारी नोकरीत असताना गेलंय त्यांनी सवडीने वाचा. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

मागच्या आठवड्यात एक वहिनी घरी आल्या. माझ्या शाळेतल्या मित्राच्या थोरल्या भावाची बायको. हा भाऊ एका सरकारी कार्यालयात शिपाई होता. २००६ साली, वय निघून जायच्या बेतात असताना लागला आणि २०११ साली गेला. रात्री जेवून उठला, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तेव्हा वहिनींचं वय ३६, पोरगं ५ वर्षांचं. वहिनी शिवणकाम करतात, त्यावर आणि माहेरच्या आधारावर घर चाललं.

हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत १४ वर्षांचे कागद. "भाऊजी, एवढं बघा की. यात काही राहिलंय का, का आता सोडून देऊ?"

मी कागद तारखेप्रमाणे लावले. पहिला अर्ज २०१२ चा, मुदतीत केलेला. मग यादीत नाव आल्याचं पत्र. मग दर दीड-दोन वर्षांनी एक स्मरणपत्र, त्यांच्या बाजूने. कार्यालयाच्या बाजूने काही नाही. आणि २०२० साली एकदम दोन ओळी : वयाची ४५ वर्षे पूर्ण झाल्याने आपले नाव प्रतीक्षासूचीतून कमी करण्यात येत आहे. नोकरी दिली नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. वय झालं, एवढंच.

मी २२-२३ वर्षं बातम्या करतोय. अनुकंपाधारकांचं उपोषण, अनुकंपाधारकांचा आत्मदहनाचा इशारा, अनुकंपाधारकांचं पालकमंत्र्यांना निवेदन, या बातम्या मी किती लावल्या असतील त्याचा हिशेब नाही. पण ही योजना आली कुठून आणि तिची अशी रांग कशी झाली, हे मी कधी नीट शोधलं नव्हतं. वहिनींच्या निमित्ताने आठवडाभर बसलो. जे हाती लागलं ते मांडतो.

आधी शब्दाचं सांगतो. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपणही कापणं, थरथरणं. संस्कृतातला फार चांगला शब्द आहे. इंग्रजीत याच प्रकाराला 'डाईंग इन हार्नेस' म्हणतात. हार्नेस म्हणजे घोड्याचा साज, जू. गाडीला जुंपलेला असतानाच मेलेला घोडा. उत्तर प्रदेशात १९७४ साली नियम केले, त्यांच्या नावातच हे 'डाईंग इन हार्नेस' आहे. मला विचाराल तर इंग्रजी शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात निदान एवढं कबूल केलेलं आहे की माणूस तुमचंच ओझं ओढत होता. आपल्या शब्दात सरकार वर आहे आणि खालच्याला पाहून त्याला कंप सुटतो. प्रत्यक्षात किती सुटतो ते पुढे बघूच.

केंद्र सरकारच्या १९९८ सालच्या एकत्रित सूचना आहेत. त्यांत म्हटलंय की या योजनेची कल्पना १९५८ सालापासूनची आहे. आता १९५८ चा काळ डोळ्यासमोर आणा. कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे आपण ज्याला फॅमिली पेन्शन म्हणतो, ते आजच्या रूपात आलं १९६४ च्या योजनेने. त्याआधी कमी नोकरी झालेला शिपाई किंवा कारकून गेला तर मागे राहिलेल्यांना द्यायला सरकारकडे फारसं काही नव्हतंच. घरातल्या एकाला कामावर घ्या, हाच सर्वात सोपा आणि सर्वात स्वस्त उपाय होता. कामं भरपूर होती, खाती वाढत होती, पंचवार्षिक योजना चालू होत्या, माणसं लागतच होती. साहेबाने ठरवलं की आठवड्याभरात पोरगं कामावर. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक सांगायचे, बापाचा तेरावा झाला आणि पोरगा त्याच टेबलावर जाऊन बसला. तो सगळा काळ चांगला होता असं मी म्हणत नाही. साहेबाच्या मर्जीतला आणि मर्जीबाहेरचा असा भेद तेव्हाही होणारच. पण दुःख आणि मदत यांत अंतर कमी होतं.

याच १९५८ मधली आपल्याकडची एक गोष्ट बघा. त्या वर्षीच्या कायद्याने तेव्हाच्या मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली. महार वतन गेलं ते या कायद्याने. बापाचं काम पोराने करायचं, त्याच्या पोराने तेच करायचं, ही शेकडो वर्षांची साखळी कायद्याने तोडली. कुलकर्ण्यांची वतनं त्याआधीच १९५० च्या कायद्याने गेली होती. राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात सरळ लिहिलंय की सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी, आणि वंशाच्या आधारावर भेद करायचा नाही. म्हणजे एकीकडे वंशपरंपरेचा हक्क मोडला जात होता, आणि त्याच सुमाराला दिल्लीत मेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्याला नोकरी द्यायची कल्पना धरत होती. हा पेच पहिल्या दिवसापासून या योजनेच्या पोटात आहे. पुढे कोर्टात जी काही भांडणं झाली, त्यातली निम्मी याच पेचाची आहेत.

महाराष्ट्रात ही योजना १९७६ पासून आहे. तिच्या वर्षभर आधीची एक वेगळी योजना लोक नेहमी हिच्यात मिसळतात म्हणून सांगतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून १९७५ साली सफाई कामगारांसाठी वारसा हक्क आला. त्यात कामगार निवृत्त झाला तरी वारसाला काम मिळतं, मरावं लागत नाही. त्यामागचं कारण उघड आहे. मैला आणि गटारं उपसायला दुसरं कुणी रांगेत उभंच नव्हतं. जे काम कुणाला नको ते वंशपरंपरेने दिलं तर समान संधीची आठवण फारशी कुणाला येत नाही. पण खुर्चीवरच्या कामाचा प्रश्न आला की घटना आठवते. यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी, आज नको.

आता कोर्टाकडे येऊ. दोन निकाल सांगतो. एक १९८९ चा आणि एक १९९४ चा. दोघांत पाचच वर्षांचं अंतर आहे, पण सूर पार वेगळे.

१९८९ चा निकाल सुषमा गोसाईं विरुद्ध भारत सरकार. या बाईंचा नवरा सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यात स्टोअरकीपर होता, १९८२ साली वारला. बाईंनी लगेच कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. परीक्षा दिली, पासही झाल्या. तरी नोकरी मिळेना. मग १९८५ साली त्या खात्याने बायकांच्या भरतीवरच बंदी घातली आणि बाईंना सांगितलं, आता नियमात बसत नाही. म्हणजे तीन वर्षं फाईल दाबून ठेवायची, आणि मग नवा नियम आला म्हणून हात वर करायचे. सर्वोच्च न्यायालयाने खात्याला झापलं. कर्ता माणूस गेल्यावर घरावर आलेलं संकट हलकं करणं हाच या नेमणुकीचा हेतू आहे, त्यामुळे ती ताबडतोब दिली पाहिजे, असे अर्ज वर्षानुवर्षं पडून ठेवणं गैर आहे, आणि जागा नसेल तर जादा पद तयार करा, असा त्या निकालाचा आशय. जागा नसेल तर पद तयार करा! हे वाचताना मी दोनदा थांबलो.

१९९४ चा निकाल उमेशकुमार नागपाल विरुद्ध हरियाणा राज्य. ४ मे १९९४. आज देशातल्या कुठल्याही कार्यालयातून अनुकंपा नाकारल्याचं पत्र आलं की त्यात बहुतेक वेळा या निकालाचा उल्लेख असतो. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावर होते आपले न्या. पी. बी. सावंत. तेच, जे पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि ज्यांचं नाव आम्ही पत्रकार आदराने घेतो. त्यांनी म्हटलं ते थोडक्यात असं : सरकारी नोकरी ही खुल्या स्पर्धेतून आणि गुणवत्तेवरच द्यायची असते. अनुकंपा हा त्याला अपवाद. कर्मचारी नोकरीत असताना वारला एवढ्यावर घरच्यांना हक्क मिळत नाही. त्या घराची आर्थिक स्थिती तपासा, अडचण खरी असेल तरच द्या. द्याल ती जागा तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीतलीच. आणि बराच काळ लोटला असेल तर देऊ नका, कारण संकटातून तरून जाण्यापुरतीच ही मदत आहे.

रागावून वाचलं तर हा निकाल कठोर वाटतो. मी दुसऱ्यांदा वाचला तेव्हा तसा वाटला नाही. हरियाणात वरच्या श्रेणीच्या जागाही अशा वाटल्या जात होत्या. माझा स्वतःचा पुतण्या चार वर्षं अभ्यासिकेत बसलाय. पहाटे ५ ला उठतो, दोन मार्कांनी यादी हुकते. त्याला जाऊन सांगा की अमक्याला परीक्षेशिवाय घेतलं, तो काय म्हणेल? सावंतसाहेबांना तो पुतण्या दिसत होता. प्रश्न निकालात नव्हता. निकालाचं एक वाक्य सरकारांनी उचललं आणि दुसरं सोडून दिलं. 'हक्क नाही' हे उचललं. 'संकट आहे तोवरच मदत', म्हणजेच वेळेत मदत, हे सोडलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २६ तारखेला महाराष्ट्र सरकारने आपला मोठा जीआर काढला. आजही अनुकंपाच्या कुठल्याही कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 'संदर्भ : १' म्हणून तो सापडेल. कोण पात्र ते त्यात ठरलं : पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी, कायदेशीर दत्तक, विधवा किंवा परित्यक्ता मुलगी, मुलगा हयात नसेल तर सून वगैरे.   कॅन्सर, पक्षाघात, अपघात यामुळे कायमचा निकामी होऊन लवकर निवृत्त झालेल्याच्या घरालाही त्यात जागा होती. हे शेवटचं लक्षात ठेवा.

कारण पुढचं वर्ष २००५. मी तेव्हा नुकता जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो होतो. २६ जुलैचा मुंबईचा पाऊस, मग सांगली-कोल्हापूरचा महापूर, सगळ्या आवृत्त्या पाण्याने भरलेल्या. त्या गडबडीत २२ ऑगस्ट २००५ ला एक जीआर निघाला. आमच्यापैकी कुणीही त्याची धड बातमी केली नाही, मीही नाही. त्या जीआरने दोन गोष्टी केल्या. आजाराने निकामी होऊन निवृत्त झालेल्यांची घरं योजनेतून बाहेर काढली. म्हणजे लकवा मारून खाटेवर पडलेल्या माणसाचं घर अनुकंपेला पात्र नाही. तो मेला असता तर पात्र. आणि दुसरी गोष्ट, क आणि ड गटात दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी फक्त ५ टक्के जागा अनुकंपाला, अशी मर्यादा घातली.

५ टक्के म्हणजे किती ते पाटीवर मांडून बघा. एखाद्या कार्यालयात वर्षात २० जागा रिकाम्या झाल्या तर त्यातली १ अनुकंपाला. तालुक्याच्या पातळीवर कुठल्या कार्यालयात वर्षाला २० शिपाई-कारकून निवृत्त होतात? चार-पाच होतात. चाराचे ५ टक्के किती? आणि भरतीच बंद असेल तर शून्याचे ५ टक्के शून्यच. त्यात शिपाई, पहारेकरी, झाडलोट ही कामं ठेकेदाराकडे जायला लागली. ठेकेदाराच्या माणसाला अनुकंपा नाही, आणि ठेकेदाराकडे गेलेल्या जागेवर अनुकंपाची नेमणूकही नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद.

त्याच वर्षी १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. तिच्याबरोबर त्यांच्या मागे राहणाऱ्यांची कुटुंब पेन्शनही गेली. ऑगस्ट ते नोव्हेंबर, सत्तर-बहात्तर दिवस. १९६४ साली आलेली पेन्शन आणि १९७६ साली आलेली नोकरी, हे विधवेचे दोन आधार. एक काढून घेतला, दुसरा बारीक केला, आणि दोन्ही एकाच पावसाळ्याच्या आगेमागे. कुणी मुद्दाम ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. तिजोरीला ओझं वाटलं की फायली एकाच सुमाराला हलतात, एवढंच मला २० वर्षांत कळलंय. पण एक खोट बघा. अनुकंपा नाकारताना नेहमीचा युक्तिवाद असा असायचा की आता पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी मिळते, विमा मिळतो, मग नोकरी कशाला? आणि २००५ नंतर लागलेल्यांच्या बाबतीत तर पेन्शनच नव्हती. नोकरीत वारलेल्यांच्या घराला कुटुंब पेन्शन परत मिळायला मार्च २०२३ उजाडावा लागला, तोही कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप झाल्यावर. वहिनींच्या पिशवीत या विषयाचा वेगळा गठ्ठा आहे. त्यावर परत कधीतरी.

यादी वाढत गेली तशी सरकारने मलमपट्टी केली. २०१० साली वयाची मर्यादा ४० वरून ४५ केली. २०१४ साली ५ टक्क्यांचे १० केले, २०१९ साली २० केले. आणि मे २०२० मध्ये करोनामुळे आरोग्यासारखी खाती सोडून भरतीलाच स्थगिती आली. टक्का वाढला, आणि ज्याचा टक्का घ्यायचा ती भरतीच थांबली.

मुलींचं काय? १९९४ च्या यादीत शब्द होता 'अविवाहित मुलगी'. लग्न झालं की बापाच्या दुःखातून तिचं नाव वजा. पोरगा लग्न करून वेगळा राहिला तरी तो पात्र आणि आईला सांभाळणारी लेक अपात्र. मुंबई उच्च न्यायालयात यावर दावे झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये जीआर निघाला की दिवंगताचं एकुलतं अपत्य असेल किंवा घर फक्त तिच्यावर अवलंबून असेल तर विवाहित मुलगीही पात्र. एवढं पटायला १९७६ पासून ३७ वर्षं लागली. मधल्या काळात आपल्या भागात किती मुलींनी 'आधी नोकरी लागू दे' म्हणून लग्नं थांबवली, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. नावं घेत नाही.

आता वहिनींच्या पत्रातल्या त्या दोन ओळींकडे. २० मे २०१५ चा जीआर. प्रतीक्षायादीत एकदा एकाचं नाव लागलं की ते बदलून घरातल्या दुसऱ्याचं लावता येणार नाही. अपवाद एकच, यादीतला उमेदवार मेला तर. परत वाचा. वहिनी यादीत होत्या. ४५ पूर्ण झाली, नाव कटलं. मुलाचं नाव त्यांच्या जागी लागू शकत नाही, कारण वहिनी जिवंत आहेत. त्यांनी हे वाक्य मला स्वतःच म्हणून दाखवलं. "म्हणजे भाऊजी, मी गेले असते तर पोराला लागली असती." हसून म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याच्या मरणाने त्या यादीत आल्या होत्या, आता पोरगं यादीत यायला त्यांचं मरण लागत होतं. हा जीआर लिहिणाऱ्याने वाईट हेतूने लिहिला नसेल. एका घरातून दोन-दोन अर्ज, भावाभावांची भांडणं, 'आधी आईचं लावा, आता धाकट्याचं लावा' अशी ओढाताण, हे आस्थापनेच्या टेबलावर बसणाऱ्यांनी पाहिलेलं असतं. नोकरी घेताना आईला सांभाळीन असं हमीपत्र लिहून देणारा आणि पहिल्या पगारानंतर आईला विसरणारा पोरगाही मी पाहिलाय. पण त्यासाठी सगळ्यांना एकच कुलूप?

मार्च २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ही अट चुकीची ठरवली आणि ती काढून टाकायला सांगितलं. पुढे मे २०२४ मध्ये नागपूरला पूर्ण पीठानेही नाव बदलायला मुभा असल्याचं मान्य केलं. २०२० चा निकाल मार्चमधला, आणि वहिनींना नाव कमी केल्याचं पत्र आलं त्याच वर्षी, निकालानंतर. त्या पत्रात निकालाचा उल्लेख नाही, मुलाचं नाव पुढे देता येईल का याबद्दल एक अक्षर नाही. २०२४ साली मुलाला १८ पूर्ण झाली, त्याने अर्ज केला, तर उत्तर आलं तेच, २०१५ चा जीआर जोडून. कोर्टाने काढायला सांगितलेली अट चार वर्षांनीही फोटोकॉपी करून लावली जात होती. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. पोरगं अजून त्यांच्याच दारात उभं आहे.

आणि इथे मला या सगळ्या इतिहासातली सर्वात खटकलेली गोष्ट येते. सर्वोच्च न्यायालयात मे २०२२ मध्ये ओडिशाचं एक प्रकरण होतं. अर्ज २०१० चा. इतकी वर्षं खात्याने निर्णयच घेतला नाही आणि मधे नियम बदलले. न्यायालयाने त्या मुलाला जुन्याच नियमाने नोकरी द्यायला सांगितली, आणि बजावलं की असे अर्ज सहा महिन्यांच्या आत निकाली काढा. खात्याच्या विलंबाची शिक्षा पोराला नको. छान. मग मार्च २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या बर्दवान नगरपालिकेचं प्रकरण आलं. तिथेही अर्ज वर्षानुवर्षं पडून होते. तिथे न्यायालयाने म्हटलं की इतका काळ गेला, कुटुंब तगलं, तातडी उरली नाही, आता नेमणुकीत अर्थ नाही.

कायद्याच्या पुस्तकात ही दोन्ही प्रकरणं आपापल्या जागी बरोबर असतील, तपशील वेगळे आहेत, मला ते कळतं. पण दारात उभ्या माणसाच्या जागेवरून बघा. फाईल दाबली कुणी? कार्यालयाने. वर्षं गेली कुणामुळे? कार्यालयामुळे. आणि शेवटी तीच वर्षं पुरावा म्हणून विधवेच्या विरोधात उभी राहतात : बाई, तुम्ही जगलात ना, मग संकट होतं कुठे? वहिनींनी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ब्लाउज शिवले म्हणून पोरगं बारावी झालं. ते ब्लाउज त्यांच्या अर्जाच्या विरोधात मोजायचे का? १९८९ साली कोर्ट म्हणालं होतं, जागा नसेल तर जागा करा. त्यापासून आपण इथवर आलो.

करोनात एक गोष्ट झाली ती मात्र नोंदवायला हवी. तोवर महाराष्ट्रात ही योजना साधारणपणे क आणि ड गटातल्या कर्मचाऱ्यांच्या घरांपुरती होती. २०२१ साली अ आणि ब गटाच्या अधिकाऱ्यांच्या घरांनाही ती लागू झाली. मोठे अधिकारी धडाधड गेले आणि वरच्या मजल्यावरही हा प्रश्न पोचला. त्या घरांनाही नोकरी मिळणार ती क किंवा ड गटातलीच. मरण शिपायाच्या घरचं असो की साहेबाच्या, त्यात मी डावं-उजवं करत नाही. पण ४५ वर्षं जे धोरण जीआरमागून जीआर असं रांगत होतं, ते तेव्हा काही महिन्यांत बदललं, हे लक्षात राहिलं.

मग जुलै २०२५ मध्ये सरकारने सुधारित धोरण काढलं. अर्जाची मुदत एका वर्षावरून तीन वर्षं केली. यादीतल्या माणसाऐवजी घरातल्या दुसऱ्याचं नाव द्यायची वाट मोकळी केली. त्या वेळी राज्यभरात साडेनऊ हजारांवर अनुकंपा जागा भरायच्या बाकी असल्याचं जाहीर झालं होतं. ४ ऑक्टोबर २०२५ ला राज्यभर एकाच दिवशी नियुक्तीपत्रं वाटली, त्यात पाच हजारांवर अनुकंपाची होती. जिल्ह्याच्या ठिकाणी मंडप, पालकमंत्री, फोटो. मीही फोटो काढले. एका बाईने पत्र हातात घेतलं आणि तिथेच खुर्चीत बसून ते उघडून पुन्हा पुन्हा वाचलं, फोटोसाठी वर बघायलाच तयार नाही. सरकारने चांगलं केलं तर चांगलं म्हणायला पाहिजे, म्हणतो. हे एका दिवसात होऊ शकतं हेही त्या दिवशी दिसलं. म्हणजे जागा होत्या, यादी होती, फक्त सही होत नव्हती.

वहिनींचं नाव त्या दिवशीच्या यादीत नव्हतं. असणारही नव्हतं, ते २०२० लाच कटलेलं. मुलाचं नव्हतं कारण त्याचा अर्ज जुन्या जीआरवर निकाली काढलेला.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. मी, वहिनी आणि तो पोरगा. पोरगा बारावीनंतर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. टायपिंगच्या क्लासला नाव घातलंय, कारण कारकुनाची जागा मिळाली तर ती परीक्षा लागतेच. नव्या धोरणाचा जीआर, दोन्ही निकालांच्या प्रती, २०१२ पासूनचे सगळे अर्ज, असं लावून नवीन अर्ज दिला. टेबलावरचे गृहस्थ नवीन होते, बोलायला बरे होते. म्हणाले, "४५ ला कमी झालेल्यांचं कसं धरायचं याबद्दल वरून मार्गदर्शन मागवतो." मी म्हटलं, मागवा, पण आज पोच द्या. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. वहिनींनी ती पोच पिशवीत टाकली नाही, ब्लाउजच्या आत ठेवली.

ज्यांच्या घरी असे जुने कागद आहेत, विशेषतः २०१५ नंतर नाव बदलायला नकार आलेले, त्यांनी ते तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि मला इनबॉक्सला कळवा. नाव छापणार नाही. आपल्या जिल्ह्यात असे किती आहेत एवढं मोजायचंय.